टेकावरची माती आणि नानांचे हात

गावकरी मंडळी, कॉलेजातून आलेले प्राध्यापक, पुण्याहून आलेले सर आणि आमचे नातेवाईक, सर्वांना नमस्कार.

मला शेवटपर्यंत बोलता येईल की नाही, हे मला अजून माहीत नाही. ज्यांना लहानपणची मी आठवते त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. याच शाळेत, त्या कोपऱ्यातल्या वर्गात मला आणून बसवलं, की माझी वाचा बसायची. गुरुजी नाव विचारायचे आणि मी दप्तराच्या बंदाकडे बघत राहायची. शेवटी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला घरी ठेवलं आणि धाकट्या भावाला सांगितलं, "हिला तूच शिकव." तो धाकटा भाऊ म्हणजे नाना. आज ज्यांच्या फोटोला आपण फुलं वाहिली, ते माझे काका.

चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे नाना. ते तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून एसटीने यायचे, चहा घ्यायचे आणि मला समोर बसवायचे. त्यांचा एकच नियम होता. काहीही सांगायचं असलं, की आधी त्याचे तीन ढीग करायचे. पाहिलेलं. ऐकलेलं. वाटलेलं. ढीग एकमेकांत मिसळायचे नाहीत.

मी म्हणायची, "नाना, कुत्रं भुंकतंय, चोर आलाय."

ते विचारायचे, "चोर पाहिलास?"

"नाही."

"मग ऐकलंस काय?"

"कुत्रं."

"मग कुत्र्याचंच सांग. चोराला कशाला बोलावतेस?"

मंडळी, आज मी त्याच नियमाने बोलणार आहे. जे पाहिलं, ते पाहिलं म्हणेन. जे ऐकलं, ते ऐकलं म्हणेन. आणि जे मला नुसतं वाटतं, ते शक्यतो बोलणार नाही. कारण ते फार आहे, आणि ते कडू आहे.

माझ्याआधी सरपंच बोलले. नाना गावाचा हिरा होते, असं ते म्हणाले. मग सर बोलले. नानांच्या सचोटीबद्दल ते बोलले. मी मागे बसून ऐकत होते. सचोटी हा शब्द नानांनी ऐकायला हवा होता. तीन वर्षांपूर्वी ऐकायला हवा होता. आता तो फोटोला ऐकवून काय होणार?

नाना काय करत होते, हे इथल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. धरणाच्या पाण्यात आपलं टेकाड आहे. पणजोबांच्या काळात धरण झालं, खालची शेतं पाण्यात गेली, गाव वर सरकलं आणि टेकाचं बेट झालं. वर देवीचं ठाणं आहे. होडीशिवाय तिथे जाता येत नाही, आणि वारं सुटलं की होडीही जात नाही. नाना म्हणायचे, "जिथे माणूस राहत नाही, नांगर नाही, खत नाही, फवारणी नाही, तिथली माती मला हवी. माणसाने हात लावायच्या आधी माती कशी होती, ते ती सांगेल."

चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. त्यांना काचेच्या बशीत वाढवायला गेलं तर फार थोडे वाढतात. बाकीचे रुसून बसतात. हा शब्द नानांचा. पण आता नवी पद्धत निघाली आहे. जीव वाढवत बसायचं नाही. मातीतूनच सगळ्यांचा डीएनए काढायचा आणि त्याची अक्षरं वाचायची. अक्षरांवरून कळतं, त्या मातीत कोण कोण राहतं. नाना मला म्हणाले होते, "गावात एकेकाला हाक मारत फिरायचं नाही. सगळ्यांचे आवाज एकदम ऐकायचे आणि मग ओळखायचं, कोणता कोणाचा."

ते यंत्र पुण्यात, सरांच्या प्रयोगशाळेत. सर त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. नाना दिवाळीच्या सुट्टीत टेकावर जायचे. माती बर्फाच्या डब्यात भरायचे आणि एसटीत तो डबा मांडीवर घेऊन पुण्याला जायचे. कंडक्टर विचारायचा, "काय आईस्क्रीम हाय का?" नाना म्हणायचे, "व्हय, पन एकट्याला पुरंल यवढंच."

त्यांना होडीतून न्यायचे रामभाऊकाका. ते इथेच बसले आहेत. ते आणि नाना याच शाळेत एका बाकावर होते. नाना माती खणायला बसले, की काका लांब बसून तंबाखू मळायचे आणि विचारायचे, "काय रं नाना, सोनं गावलं का?"

"सोन्याहून मोलाचं हाय. पन दिसत न्हाई."

"मग तुझ्या कामाचं हाय. मला दिसनारं लागतंय."

हे मी पाहिलेलं आहे. दोनदा मीही त्या होडीत होते.

नानांनी दोन ठिकाणची माती घेतली. एक अगदी वरची, ठाण्याशेजारची. सगळा खडक, पण तिथे मात्र ढोपरभर काळी माती. नानांना त्याचं केवढं अप्रूप. ते म्हणायचे, शेकडो वर्षांचा पालापाचोळा कुजून ही माती झाली असणार, याहून अस्पर्श माती जिल्ह्यात सापडायची नाही. दुसरी माती उतारावरची. अर्ध्या वाटेवर एक मोठा सपाट दगड आहे. धरण भरलं की पाणी त्याच्या जरा खाली येऊन थांबतं. त्या दगडापाशची. ही फक्त ताडून बघायला.

वाचन झालं आणि घोटाळा झाला. दगडापाशच्या मातीत जे असायला हवं होतं तेच निघालं, डोंगरावरच्या झाडझाडोऱ्यातले जीव. वरच्या मातीत मात्र भाताच्या खाचरातले जीव निघाले. चिखलात, हवा न लागणाऱ्या जागी राहणारे. हरभऱ्या-वालाच्या मुळांच्या गाठीत राहणारे. कोरड्या टेकाच्या डोक्यावर भाताचं खाचर कुठून येणार?

सर, तुम्ही पुढे बसला आहात. मी तुमचा अपमान करायला उभी नाही. शंका घेणं तुमचं काम होतं. नमुन्यात भेसळ झाली असेल, हीच शंका आधी घ्यायची असते. नानांनीही तीच घेतली. पण वाचन हाती आलं, त्या दिवशी मी नानांबरोबर तुमच्या खोलीत होते, त्यामुळे पुढचं मी ऐकलेल्यांतलं सांगते. तुम्ही विचारलंत, "घरी भात लावता ना? मग हे घरचंच आलंय." नाना म्हणाले, "सर, हातमोजे होते." तुम्ही म्हणालात, "हातमोजे घातले म्हणून सवयी जात नाहीत."

नाना हसले. मला ते हसणं आवडलं नाही. परत येताना एसटीत मी म्हटलं, "नाना, सर असं का बोलले?" ते म्हणाले, "कशामुळे बोलले, ते आपण ऐकलेलं नाही. बोलले एवढंच ऐकलं." त्यांनी स्वतःवर झालेल्या वारालाही तो नियम लावला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा माती आणली. चमचा ज्योतीत लाल करून. हातमोज्यांवर हातमोजे. कोऱ्या पिशव्या, त्याही माझ्या हातून उघडलेल्या. वाचन तेच. तिसऱ्या वर्षी घरचा शर्टसुद्धा घातला नाही, नानीने नवं कापड शिवून आणलं. वाचन तेच. तेव्हा सर, तुम्ही म्हणालात, "एका हाकेच्या अंतरावरच्या दोन मातींत एवढा फरक असूच शकत नाही. एक पिशवी बेटावरची आहे. दुसरी कुठली, ते तुम्हालाच माहीत." आणि नमुने विश्वासार्ह नाहीत असा शेरा पडला. यंत्र बंद झालं. काम थांबलं.

त्यानंतर नानांना हात धुण्याची सवय लागली. आधीही ते कामाआधी धुवायचे, पण आता कामच नव्हतं, तरी धुवायचे. साबणाने, मग स्पिरिटने. मग पुसायचे नाहीत. फडक्याची घाण लागते म्हणून दोन्ही हात पुढे, तळवे वर करून धरायचे आणि वाऱ्यावर वाळू द्यायचे. नानी चेष्टा करायची, "आता कोणी दक्षिणा घालणार आहे का?" पुढे पुढे तिने चेष्टा करणं सोडलं. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. भाकरी मोडताना तिखट झोंबायचं.

एकदा ते माझ्याशी बोलता बोलता म्हणाले, "माझ्याच हातात काहीतरी असेल."

मंडळी, मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. बाकी कशासाठी मी इथे उभी राहिले नसते. ज्या माणसाने मला शिकवलं, की वाटलेलं आणि पाहिलेलं मिसळू नये, त्याला शेवटी वाटू लागलं की माती नाही, आपणच घाण आहोत. याने नाना गेले, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. मी तेच सांगते. पण ते जाताना हेच वाक्य घेऊन गेले, आणि ते खोटं होतं.

ते खोटं होतं, हे मला ते गेल्यावर कळलं. तेही कसं कळलं, ते सांगते.

त्या आठवड्यात रामभाऊकाकांच्या घरून हौसाकाकू रोज आमच्याकडे पिठलं-भाकरी घेऊन यायच्या. त्यांच्या हातचं आम्ही खातो, आमच्याकडचा चहा त्या घेतात. एवढं बदललं आहे, हेही सांगायला हवं. एका संध्याकाळी त्या लवकर उठल्या. म्हणाल्या, "जाते गं संगे. उंद्या टेकावर माती चढवायची हाय. टोपल्या भरायच्या ऱ्हायल्यात."

मी विचारलं, "कसली माती?"

"आता कसली म्हंजी? शेताची. दर साली पेरनीच्या आदी समदी घरं आपापल्या शेतातली टोपलीभर माती न्हेऊन आईच्या ठान्यापाशी वततात. पार आज्या-पंज्यापासनं. धरान व्हायच्या आदीबी. बुडाली ना ती शेतं, त्यांची माती बी वर हाय म्हनत्यात."

मी विचारलं, "ठाण्याशेजारीच?"

मग त्या म्हणाल्या, "तुला ठावं न्हाई व्हय? ये की उंद्या. आता कुनी काय म्हनत न्हाई."

आता कुणी काही म्हणत नाही. मंडळी, हे शब्द त्यांनी मायेने म्हटले. मी ते मायेनेच ऐकले. तरी ते शब्द आहेत ते आहेत.

दुसऱ्या दिवशी मी होडीत बसले. पाहिलं. भाताच्या खाचराची माती, हरभऱ्याच्या वावरातली माती, टोपलीमागून टोपली. नाना जिथे खणायचे, त्याच जागी. ढोपरभर काळी माती पालापाचोळ्याची नव्हती. ती या गावाच्या शेतांची होती, पिढ्यानपिढ्यांची. नानांनी वाचली ती अक्षरं बरोबर होती. एक अक्षर चुकलं नव्हतं.

उतरताना मी रामभाऊकाकांना विचारलं, "काका, नाना तुमच्यादेखत तिथे खणायचे. तुम्ही सांगितलं का नाही?"

काका चालता चालता थांबले. म्हणाले, "पोरी, मला वाटलं त्याला ठावं हाय. गावातला मानूस. शेंबड्या पोराला ठावं आस्तंय."

"आम्हाला नव्हतं."

काकांनी हातातली रिकामी टोपली खाली ठेवली. मग म्हणाले, "व्हय. तुमच्यात कुनी वर यायचं न्हाई. तुमची मानसं सरपान घिऊन यायची, त्या दगडापातुर. मोळी ठिवायची आन थितंच बसायचं. वरचं जेवन झालं की खाली परसाद यायचा. माती काय, तुमच्या शेताची घेत नव्हते. म्या ल्हानपनी बगितलंय तुझ्या आज्याला, त्या दगडावर बसल्याला. मग म्होरं तुमी धम्म घेतला आन तुजा आजा म्हनला, आता सरपान न्हाई, दगूड न्हाई. तवापासनं बंद."

घरी आल्यावर अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "बाबांनी सांगितलं होतं, त्या टेकाचं नाव घरात काढायचं नाही. आम्ही काढलं नाही. होड्यांतून टोपल्या जाताना दिसायच्या, नैवेद्याच्या असतील असं वाटायचं. वर काय करतात, ते बाबांनाही माहीत नव्हतं. दगडावरून दिसत नाही."

दगडावरून दिसत नाही. मीही जाऊन पाहिलं. खरंच दिसत नाही. मध्ये खडकाचा उंचवटा आहे.

म्हणजे बघा. नानांनी ती वरची जागा निवडली, कारण त्यांना वाटलं तिथे माणसाचा हात लागलेला नाही. असं या गावात फक्त आमच्याच घराला वाटू शकत होतं. दुसऱ्या कुठल्याही घरातला मुलगा शास्त्रज्ञ झाला असता, तर त्याने तिथे चमचाही लावला नसता. तो म्हणाला असता, छे, ही तर चढवलेली माती. नानांची चूक झाली, हे मी मान्य करते. पण ती चूक करायला त्यांना कुणी भाग पाडलं?

आणि ज्या मातीला त्यांनी फक्त ताडून बघण्यापुरतं घेतलं, ती दगडापाशची माती, तीच खरी अस्पर्श निघाली. का? कारण तिथे कुणी माती आणली नाही. कारण तिथे जी माणसं बसायची, त्यांच्या शेताची मूठभर मातीही कुणाला नको होती. सर, तुम्ही म्हणालात, एका हाकेच्या अंतरावर एवढा फरक असूच शकत नाही. असतो, सर. आपल्याकडे असतो. नाना तोच मोजून आणत होते आणि तुम्ही त्यांच्या हातांवर शंका घेत होतात.

तुम्ही एकदा बेटावर आला असतात तर? पुण्याहून आजच्यासारखी जीप करून एकदा? मला वाटतं... नाही. हे वाटलेल्यांतलं आहे. सोडते.

गावकऱ्यांना मी काय म्हणू? तुम्ही कुणी काही लपवलं नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, कुणीही वाईट हेतूने गप्प बसलं नाही. आणि मला तेच जास्त लागतं. लपवलं असतं, तर निदान आम्ही तुमच्या ध्यानात तरी असतो. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्हाला ठाऊक नाही, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. नाना हिरा होते म्हणता. हिऱ्याला एक वाक्य सांगायचं राहून गेलं.

रामभाऊकाका, तुम्हाला उभं राहून बोलायला मी सांगणार नाही. भर सभेत बोलणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त मान हलवा. वरची माती शेतांची आहे, हे मी खरं सांगते आहे ना?

सर, काकांनी मान हलवली. तुम्ही पाहिलंत. आता हे तुमच्याही पाहिलेल्यांत गेलं.

मला नानांसाठी पदवी नको. गेलेल्या माणसाला पदवी घेऊन काय करायचं आहे? मला तो शेरा काढून हवा आहे. नमुने विश्वासार्ह होते, एवढं एक वाक्य. आज इथे द्या असं मी म्हणत नाही. आधी या, टेक पाहा, रामभाऊकाका होडी काढतील. मग लिहा.

संपवते. त्या दिवशी वर हौसाकाकूंनी माझ्या हातात मूठभर माती दिली. म्हणाल्या, "टाक की नानांच्या नावानं. त्यांचीबी ऱ्हाऊ दे हितं." काकू, तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. पण मी ती माती टाकली नाही, तुमच्या टोपलीत परत ठेवली. तुम्हाला वाईट वाटलं. त्याचं कारण तेव्हा मला सांगता आलं नाही, वाचा बसली होती. आज सांगते. एक तर नानांच्या नमुन्याच्या जागी मी काही टाकलं असतं, तर त्यांनी मला कधी माफ केलं नसतं. आणि दुसरं, त्यांचं नाव त्या ढिगात घालायची मला घाई नाही. मी खाली आले आणि थोडा वेळ दगडावर बसले. दगड चांगला आहे. ऊन लागत नाही.

आता आपण उभे राहून दोन मिनिटं शांत राहू या. माझी एक विनंती आहे. हात जोडू नका. नाना हात धुतल्यावर धरायचे तसे दोन्ही हात पुढे, तळवे वर करून, उघडे धरा. आणि आपापल्या हातांकडे बघा.

नाना, तुमच्या हातात काहीच नव्हतं. मी पाहिलं आहे.